नवतप्यात पास होणारी गाडी

खोली दाखवताना घरमालक नळाची वेळ सांगतात, मटण शिजवलेलं चालेल की नाही ते सांगतात, आणि फारच चौकस असले तर अजून लग्न का नाही केलं तेही विचारून घेतात. ब्रह्मपुरीतले माझे घरमालक यातलं काहीच बोलले नाहीत. त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली उघडली, भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाले, "ही भिंत पश्चिमेची आहे मॅडम. नवतप्यात ही खोली बेचाळीसवर जाते. खालची बैठक तशी थंड आहे, पण तिथी गाडी ठेवली आहे."

मला वाटलं, स्कूटर असेल. खाली गेले तर बैठकीच्या खोलीत आख्खी मोटार उभी. रस्त्याकडची भिंत फोडून तिथे दुकानाला असतं तसं शटर बसवलेलं, सोफा ओसरीत हाकललेला, आणि छताचा पंखा बरोबर गाडीवर. जुनी, छोटी पेट्रोल गाडी. बोनेट नाही, मागची सीट नाही. पुढच्या सीटवर त्यांच्या बायको वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "पंखा इथीच आहे ना, काय करता," त्या म्हणाल्या. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागले.

घरमालक गावाबाहेरच्या तंत्रनिकेतनात उष्मागतिकी शिकवत. सगळं गाव त्यांना सर म्हणे, म्हणून मीही. मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला होते. डॉक्टर नव्हे. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूचे म्हातारे शिबिरासाठी वेगळे काढायचे आणि जे आपल्या हातचं नाही ते नागपूरला धाडायचं, एवढंच माझं काम. हे आत्ताच सांगते, कारण पुढे ते लागणार आहे.

सरांना बोलायला विषय एकच होता, आणि तो मी विचारला नसताना त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. गाडीला त्यांनी टर्बो बसवला होता. म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा एक पंखा, जो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पण दाबली की हवा तापते. सायकलचा पंप बुडाशी तापतो तशी. आणि तापलेली हवा आत गेली की इंजिन आतून ठोके मारायला लागतं आणि एक दिवस फुटतं. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये रेडिएटरसारखी एक जाळीची पेटी बसवतात, हवा गार करायला. तिचं नाव इंटरकूलर. गल्लीतल्या लोकांनी त्यातला कूलर तेवढा उचलला. शटर उघडं दिसलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "काऊन सर, गाडीच्या कूलरात वाळा टाकला का नाई?"

असे तीन इंटरकूलर बैठकीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते. इतरांच्या घरी तिथे तसबिरी असतात. एक छोटा, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा. एक आडवा, मोठा, गाडीच्या तोंडाशी वाऱ्यात बसणारा. आणि एक पाण्याचा, ज्याच्या पोटात हवा पाण्याने गार होते आणि ते पाणी दुसऱ्या टाकीतून फिरवावं लागतं. यातला कोणता बसवायचा, हा प्रश्न मी राहायला गेले तेव्हा जुना झालेला होता. जगातल्या कुठल्याही माणसाने एक उचलून बसवला असता. सर बसवत, उतरवत आणि पुन्हा खिळ्याला टांगत.

कारण त्यांना तो नवतप्यात पास करून हवा होता. मे संपताना आमच्याकडे जे नऊ दिवस येतात, ज्यात दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही, त्या दिवसांत. "डिसेंबरात तं कोणीबी पास होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षासुद्धा ते ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये, दुपारी घेत. थंड डोक्याने उत्तर कोणीही देतं, उन्हात देऊन दाखवा, असं त्यांचं म्हणणं. पोरं त्यांना काय म्हणत असतील ते मी लिहीत नाही.

गाडी कशासाठी, हे मी एकदा चिडूनच विचारलं होतं. दिवसभर रुग्णालयात उभं राहून आल्यावर जिन्याखाली इंजिन घुरघुरत असलं की माणूस चिडतोच. सर म्हणाले, "मॅडम, मी चिमूरले गेलो, गडचिरोलीले गेलो, जिंदगीभर चाळीसच्या वर गेलो नाई. समोर धानाचा ट्रॅक्टर राहते. तो गेला तं बैल येते. बैल गेला तं म्हातारी. जंगलात घुसलो तं चितळ. आपल्या गाडीत किती दम आहे हे आपल्याले कधी दिसतच नाई. एक डाव पाहाचं आहे, कोणी मधी नाई आलं तं गाडी कुठवर जाते."

नागपूरच्या पलीकडे कोण्या हौशी माणसाने स्वतःच्या जमिनीवर एक छोटा ट्रॅक बांधला होता. वर्षातून एकदा, डिसेंबरात, तो बाहेरच्या लोकांना गाड्या पळवू देई. एका वेळी एकच गाडी. सरांना तिथे जायचं होतं. आता गंमत पाहा. ट्रॅक उघडणार डिसेंबरात, आणि यांची परीक्षा मे महिन्यात. मे महिन्यात इंटरकूलर नापास झाला की पावसाळाभर नवी जुळवाजुळव. डिसेंबर येईपर्यंत गाडी जुळून तयार. पण तिने नवतपा पाहिलेला नाही, म्हणून जायचं नाही. असे त्यांनी किती डिसेंबर घालवले ते काकूंनाच ठाऊक.

छोटा इंटरकूलर इंजिनाच्याच आचेने तापायचा, म्हणून नापास. मोठ्या आडव्याने हवा छान गार केली, पण रेडिएटरचा वारा अडवला आणि तांदळाचा कोंडा भरलेल्या ट्रकच्या मागे अडकल्यावर गाडी भर रस्त्यात उकळली. म्हणून तोही नापास. मग माझ्यासमोर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. घरच्या कूलरची वाळ्याची ताटी काढून मोठ्या इंटरकूलरपुढे बांधली आणि तिच्यावर पाण्याची नळी सोडली. मे महिन्याच्या दुपारी राइस मिलच्या रस्त्यावर ती गाडी गेली आणि मागे आख्ख्या रस्त्याला वाळ्याचा वास. मिलचे हमाल पोत्यांवरून उठून बघायला आले. काकू ओसरीत घामाने निथळत बसल्या होत्या. "मले उकडून मारा, पण तिले गार ठेवा," त्या म्हणाल्या.

आणि ते जमलं होतं! हवा खरोखर गार झाली होती. पण दोन आठवड्यांनी मृग आला, हवा दमट झाली आणि ओल्या हवेत वाळा काही कामाचा राहिला नाही. सरांनी ताटी सोडून परत घरच्या कूलरला लावली, तेव्हा त्यांचं तोंड घरात कोणी गेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "सर, ट्रॅक डिसेंबरात आहे. डिसेंबर कोरडाच असतो." ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "अन् एखाद्या डिसेंबरात पाऊस आला तं?"

त्याच पावसाळ्यात माझ्या एक लक्षात आलं. काकू बाजूने चहाचा कप पुढे करायच्या आणि सर घ्यायचेच नाहीत. समोर धरला की घ्यायचे. शटरमधून आत येताना त्यांचा उजवा खांदा रोज चौकटीला घासायचा. गाडीचा बाजूचा आरसा दोनदा विजेच्या खांबाला लागून तुटला, तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवलं. एक डोळा तळहाताने झाकायला लावला, माझ्या नाकाकडे पाहायला सांगितलं आणि बाजूने हळूहळू बोट आत आणत गेले. मला माझं बोट केव्हाचं दिसत होतं. सर माझ्या नाकाकडे बघत निमूट बसले होते. बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "हाव, आता आलं." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. ते उत्साहाने विचारत होते, "पास का?" आणि मी नागपूरची चिठ्ठी लिहायला घेतली.

काचबिंदू. मोतीबिंदू असता तर मी हसून सांगितलं असतं, तो काढता येतो. यात डोळ्यातला दाब वाढत जातो, नजर कडेने विझत येते आणि जी गेली ती परत येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. उरलेली नजर टिकवायला रोज थेंब घाला, रस्त्यावर गाडी चालवणं आजपासून बंद. मी घाबरत घाबरत ट्रॅकचं विचारलं. रिकामा ट्रॅक, एकटीच गाडी, फार तर या हिवाळ्यात, डॉक्टर म्हणाले, पुढचं मी सांगू शकत नाही. परतीच्या बसमध्ये उमरेड गेल्यावर सर म्हणाले, "प्रेशर वाढलं तं वाढलं. आपून गाडीत बी वाढवतोच ना." मी खिडकीकडे तोंड केलं.

आता गोष्ट अगदी साधी झाली होती. एक डिसेंबर. भिंतीवरचा कोणताही एक डबा. मी रोज जिन्यावरून उतरताना म्हणायचे, सर, मोठा बसवा. काकू म्हणायच्या, मोठा बसवा. सरांनी तोवर पाण्याचा उतरवून घेतला होता. त्याची टाकी, त्याचा पंप, त्याच्या नळ्या यात दिवाळी गेली. नोव्हेंबरात गाडी तयार झाली आणि सर म्हणाले, "नवतप्यात पाह्यल्याबिगर नाई नेत."

मी ओरडले. घरमालकावर भाडेकरूने ओरडू नये तशी ओरडले. "तुम्हाला दिसेनासं होतंय सर! पुढच्या डिसेंबरात काय दिसेल देव जाणे! डिसेंबरातल्या ट्रॅकला मे महिन्याचा डबा कशाला हवा?" ते शांतपणे पाना पुसत राहिले. म्हणाले, "मॅडम, एकच डाव जाचं आहे. तवा गाडीत खोट नाई पाह्यजे." तो डिसेंबर गेला. शटरमागे गाडी तयार उभी आणि हे तिच्याभोवती फडकं घेऊन फिरताहेत. मला त्या माणसाचा इतका राग आणि इतकी कीव एकाच वेळी कधी आली नव्हती.

मग मे आला. पाण्याच्या इंटरकूलरला बर्फ लागतो आणि बर्फासाठी त्यांनी फ्रिज व्यापला. त्या दिवसांत एकदा मी पाणी मागायला खाली गेले, तर खिडकीच्या कट्ट्यावर, पश्चिमेच्या उन्हात, डोळ्याच्या थेंबांची बाटली. हे थेंब गारव्यात ठेवायचे असतात, हे मी त्या घरात हजारदा सांगितलेलं. मी फ्रिज उघडला. आत वरपासून खालपर्यंत पाण्याने भरलेल्या बाटल्या गोठत ठेवलेल्या. हवेचा एकेक अंश मोजणारा हा माणूस गेले कित्येक दिवस उन्हात उकळलेलं औषध डोळ्यात घालत होता. मी चार बाटल्या काढून मोरीत आपटल्या आणि तिथेच बसून रडले. काकूंनी थेंब आत ठेवले. सर दारात उभे होते. "जागा नोती ना," एवढंच म्हणाले.

फ्रिज हातचा गेला म्हणून त्यांनी मासोळीबाजार गाठला. वैनगंगेची मासोळी विकणाऱ्या ढिवरांच्या बाया पेटीत बर्फाबरोबर जाडं मीठ घालतात. मिठाने बर्फ जास्त गार होतो. सरांना हे वर्गात शिकवून पाठ होतं, पण पेटीत हात घातल्यावर ते खुळ्यासारखे हसले. बाजारातून तसाच खारा बर्फ आणून टाकीत ओतला. ऐन नवतप्यात, भर दुपारी, राइस मिलच्या मालकाला विचारून मिलच्याच लांबलचक आवारात गाडी पळवली आणि आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा काटा तिशीच्या खालून हलला नाही. पास! घरी परतल्यावर सर काकूंचा हात धरून ओसरीत नुसते बसून राहिले. इतकी वर्षं मी त्या माणसाला नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

आता पाणी काढून टाकायला हवं होतं. हे मला आज कळतं, त्यांना तेव्हाही कळत होतं. पण मिठाचं प्रमाण आणखी वाढवावं की आहे तेच ठेवावं, हे ठरेना. पाणी काढलं म्हणजे ठरवलं असं होईल. तेव्हा राहू दे जरा. जून राहू दे, जुलै राहू दे. पोळा गेला, दसरा गेला. ॲल्युमिनियमच्या जाळीत मिठाचं पाणी बसून होतं.

डिसेंबरात आम्ही तिघं गेलो. गाडी छोट्या ट्रकवर, सोबत थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ. ट्रॅकवरच्या लोकांना मी डोळ्यांचं सगळं, डॉक्टरांनी दिलेला हिवाळा उलटून गेल्याचंही, आधी सांगितलं. ते आपसात बोलले, मग कडेच्या सगळ्या माणसांना लांब केलं आणि एकच फेरी द्या म्हणाले. सरांनी हेल्मेट घातलं. समोर लांब सरळ पट्टा, पुढे डावीकडे वळण. झेंडा पडला आणि गाडी अशी सुटली की काकूंनी माझं मनगट आवळलं. त्या आवाजाचा मला, खरं सांगते, अभिमान वाटला. वळणाशी सरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पांढरा लोट उठला, एक घण मारल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली.

आम्ही धावत गेलो. मिठाने जाळीला आतून भोकं पाडली होती आणि पाय उचलताच इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं होतं. सरांनी चाचपडत पाइप सोडवला, त्यातून पाणी आलं. बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं.

"खारं आहे," ते म्हणाले.

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हटलं, "पण सरळ पट्ट्यावर कशी गेली सर! किती वेग होता?"

"मले काय माहीत." हेल्मेट अजून डोक्यातच होतं. "मले एका टायमाले एकच गोष्ट दिसते ना आता. मी टेम्परेचरचा काटा पाहून राह्यलो होतो."

"किती होता?"

"एकोणतीस." मग हेल्मेट काढत म्हणाले, "रस्ता नाई पाह्यला मी."

त्या हिवाळ्यानंतर त्यांची नजर भराभर गेली. आधी वर्ग सुटला, मग एकट्याने बाजारात जाणं. माझी चामोर्शीला बदली झाली. मी सुट्टीला जाई तेव्हा शटर खाली ओढलेलं आणि काकू ओसरीतल्या सोफ्यावर. पंखा आता सोफ्यावर घ्या ना, मी म्हटलं. "कशाले," त्या म्हणाल्या, "सर आतच बसून राह्यतात." ते गाडीत बसून असत. हाक मारली की "कोण आहे?" म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला की गाडी चालली, येऊन जा. सरांचा एक जुना विद्यार्थी, आता नागपुरात स्वतःचं गॅरेज असलेला, पोराबाळांचा बाप, ती नेणार होता. त्याने मुक्काम करून तिथेच इंजिन बांधलं. इंटरकूलर कोणता बसवू, असं त्याने विचारलं तेव्हा सर म्हणाले, "तूच पाह्य. मले आता ठरवता नाई येत." त्याने मोठा उतरवला, रेडिएटरपुढे वारा यायला थोडी जागा सोडली आणि जेवायच्या आत बसवून मोकळा झाला. मी ते पाहत होते. माझा जीव जळत होता.

निघण्याआधी तो म्हणाला, सर, बायपासवर तुमच्यासमोरून एकदा नेतो. नवा रस्ता होता, अजून वाहतूक सुरू व्हायची होती. आम्ही तिघं कडेला उभे राहिलो. दुपार, मे महिना, डांबरावरून झळा. गाडी लांबून आली, आवाज चढत चढत गेला आणि आमच्या अंगावर गरम वारा आणि माती फेकून ती निघून गेली. एवढ्या वर्षांत ती पळताना बाहेरून कशी दिसते हे सरांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी आत असायचे. आवाज पार विरेपर्यंत ते मान तिरपी करून ऐकत राहिले.

"कशी दिसली?" त्यांनी विचारलं.

ज्या बाईने त्या गाडीला कधी एक चांगला शब्द दिला नव्हता, त्या काकूंनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "मस्त दिसली. मले तं वाटलं, तुमीच आहा आत."

सरांनी तोंडावरची माती पुसली.

"खोटं नोको बोलू," ते म्हणाले. "मी असतो तं एवढ्या जोरात गेलीच नसती."